प्रस्तावना : खाऱ्या पाण्याचा सरकारी खर्च

नृसिंहवाडीला समुद्र दोन. एक जवळचा. आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या वाटेला लागलं की अर्ध्या दिवसात तो दिसतो. दुसरा पार लांबचा, आणि नात्यानं आपला तोच. पंचगंगा इथं कृष्णेला मिळते, ते पाणी राजापूरच्या बंधाऱ्यावरून कर्नाटकात शिरतं, अलमट्टी, नारायणपूर, जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं ओलांडत हजाराहून जास्त किलोमीटर पूर्वेला जातं आणि आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळतं. अरबी समुद्राच्या इतक्या जवळ, महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावूनही कृष्णेनं त्याच्याकडे पाठ फिरवली. त्यामुळे वाडीच्या घाटावर जे काही पाण्यात पडतं किंवा विरघळतं, त्याचा शेवटचा पत्ता मुंबई-गोव्याचा किनारा नसून मच्छलीपट्टणच्या बाजूचा आहे.

समुद्राचं रसायनशास्त्र आणि त्याला मिळणारा सरकारी पैसा अशा दुहेरी विषयावरच्या लेखसंग्रहाला एका नदीकाठच्या क्षेत्रातून प्रस्तावना का, याचं उत्तर त्या पत्त्यात आहे. पुढच्या लेखांत जहाजं आहेत, नमुन्यांच्या बाटल्या आहेत, वायू आणि धातू आहेत, निविदा आणि प्रमाणपत्रंही आहेत. वाचकाला पहिल्या दोन पानांत असं वाटण्याची शक्यता आहे की हे सगळं गोव्यात दोना पावलाला बसलेल्या समुद्रशास्त्रज्ञांचं आणि दिल्लीच्या लोकांचं काम, आपला संबंध फक्त कर भरण्यापुरता. तो समज आधी दूर करू.

शिरोळ तालुक्यातल्या ऊस उत्पादकाला पीएच आणि ईसी (विद्युतवाहकता) हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. माती परीक्षणाच्या कागदावर तो आधी तेच दोन आकडे बघतो. बेसुमार पाणी आणि निचरा नाही, त्यामुळे इथली हजारो एकर जमीन क्षारपड झाली. मग जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ते क्षार धुऊन काढण्याची मोहीम शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं हाती घेतली. धुऊन काढलेले क्षार गेले कुठं? चरातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात. उसाला घातलेल्या युरियातलं नत्र पिकानं घेतलं तेवढं घेतलं, उरलेल्यातलं बरंचसं त्याच वाटेनं गेलं. कोल्हापूरचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया कारखान्यांचं पाणी, जलपर्णीच्या थराखाली कुजणारं सगळं, हेही त्याच वाटेचे प्रवासी. समुद्राचं रसायनशास्त्र किनाऱ्यावर सुरू होत नाही. ते इथं, नांगराच्या तासात सुरू होतं.

पण नदी फक्त घाण नेते असं समजणं तिच्यावर अन्याय करणारं होईल. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं आणि ते हा दगड अतिशय सावकाश झिजवतं. या झिजेतून दोन गोष्टी पाण्यात येतात. पहिली बायकार्बोनेट, म्हणजे हवेतून काढून घेतलेला कार्बन. दुसरी विरघळलेली सिलिका. समुद्रातले डायटम नावाचे सूक्ष्म जीव सिलिकेची काचेसारखी कवचं करतात, आणि मासळीच्या अन्नसाखळीचा मोठा भार हे डायटमच उचलतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील एस. कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातलं आणि घाटावरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांचं पाणी तपासून या काळ्या पाषाणाची झीज किती वेगानं होते याचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध केला. ही प्रयोगशाळा केंद्र सरकारच्या अंतराळ विभागाच्या पैशावर चालते. अंतराळाच्या खात्यातून सह्याद्रीतल्या नदीचं पाणी तपासलं गेलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

धरणं या हिशेबात कुठं बसतात ते डॅन्यूब नदीवर दिसलं. आयर्न गेट्सचं धरण झाल्यावर सिलिका जलाशयातच अडकू लागली, काळ्या समुद्रात पोचणारी सिलिका मोठ्या प्रमाणात घटली आणि तिथल्या वनस्पती-प्लवकांत डायटमचा वाटा कमी होऊन दुसऱ्याच जाती वाढल्या. हे 1997 साली शास्त्रज्ञांनी मांडलं. कृष्णेवर तर धरणांची रांग आहे, आणि सिंचनानं तिचं पाणीच संपवलं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत कृष्णा दरवर्षी सरासरी 57 घन किलोमीटर पाणी समुद्राला देत असे. 2000 साली ते 11 घन किलोमीटरच्या आसपास आलं, आणि त्यानंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत आणखी आटलं. यात आपला ऊस नाही असं कोणी म्हणू नये.

हे आकडे आले कुठून? कुणीतरी रोज नदी मोजली म्हणून आले. पलीकडच्या कुरुंदवाडला केंद्रीय जल आयोगाचं मापन केंद्र आहे. पाण्याची पातळी, विसर्ग, गाळ, पाण्याचे गुणधर्म अशा नोंदी ठेवणं हे अशा केंद्रांचं काम. त्यात दाखवण्यासारखं काही नाही, फीत कापण्यासारखं तर नाहीच. तरी कोल्हापूर जिल्ह्यात राजाराम बंधाऱ्याची 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी शाळकरी मुलांनाही पाठ आहे, आणि 2005, 2019, 2021 च्या महापुरांनंतर त्या आकड्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. वाडीत पाणी चढायला लागलं की दक्षिणद्वार होणार का, म्हणजे पुराचं पाणी देवळाच्या दक्षिण दारातून बाहेर पडणार का, किती पायऱ्या उरल्या, ही चौकशी सुरू होते. मोजमापाचं मोल पूरग्रस्त माणसाला समजतं. त्यानं ते समुद्राच्या बाबतीतही मागावं, एवढाच या प्रस्तावनेचा आग्रह आहे, आणि पुढचं सगळं त्या आग्रहाच्या पुष्ट्यर्थ.

आता पैशाकडे वळू.

समुद्राचं पाणी तपासायला सरकारनं पैसे द्यावेत ही कल्पना जुनी आहे. ब्रिटिश सरकारच्या खर्चानं ‘चॅलेंजर’ हे जहाज डिसेंबर 1872 मध्ये निघालं आणि 1876 च्या मे महिन्यात परतलं. त्यानं आणलेल्या पाण्याच्या 77 नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं केलं आणि 1884 साली दाखवून दिलं की खारटपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जगभर जवळपास सारखंच असतं. आजही समुद्रशास्त्राचा विद्यार्थी सुरुवातीलाच हे शिकतो. मोहिमेचे अहवाल छापायला दोन दशकं लागली, ते पन्नास खंड झाले, आणि इतका खर्च कशासाठी, असा सूर तेव्हाही निघाला.

या खर्चाची फेड मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हती अशा वाटेनं झाली. मोहिमेतला एक निसर्गशास्त्रज्ञ जॉन मरे पुढं या अहवालांचा संपादक झाला. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरून दुसऱ्या जहाजांनी आणलेले दगड त्याच्याकडे आले, त्यात त्याला फॉस्फेट सापडलं. बेट ब्रिटननं ताब्यात घेतलं, खाण सुरू झाली, आणि मरेच्या म्हणण्याप्रमाणे ‘चॅलेंजर’वर झालेल्या खर्चापेक्षा जास्त रक्कम स्वामित्वधन आणि कराच्या रूपानं सरकारी तिजोरीत परत आली. मरे 1914 साली वारला. त्यानं मागं ठेवलेल्या पैशातून 1933-34 साली ‘माबाहिस’ हे इजिप्तचं जहाज अरबी समुद्रात फिरलं. त्याचे प्रमुख सेमूर सेवेल, भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू किती विलक्षण कमी आहे याची नीट नोंद या मोहिमेनं केली. ‘चॅलेंजर’ स्वतः भारताच्या किनाऱ्याकडे फिरकलंसुद्धा नव्हतं. तरी त्याच्यावरच्या अनुदानाचं एक दूरचं फळ असं आपल्या अंगणात येऊन पडलं. वसाहतीतल्या खाणीचा पैसा, त्यामागचे मजुरांचे हाल, हा भाग विसरायचा नाही. पण ‘याचा उपयोग काय’ असं समितीच्या बैठकीत विचारणाऱ्यांना ही गोष्ट ऐकवावी. साठ वर्षांनंतरचा उपयोग कुठल्याच अर्जाच्या रकान्यात मावत नाही.

स्वतंत्र भारताचा या कामातला मोठा प्रवेश आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून झाला. 1959 ते 1965 या काळात चाळिसाहून अधिक जहाजं या महासागरात फिरली. भारतीय नौदलानं त्यासाठी दिलेलं जहाज होतं आयएनएस ‘किस्तना’, म्हणजे आपल्याच कृष्णेच्या नावाची युद्धनौका. महायुद्धासाठी बांधलेल्या त्या नौकेवर पाण्याच्या बाटल्या आणि प्लवकांच्या जाळ्या चढल्या. मोहिमेच्या भारतीय कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. एन. के. पणिक्कर होते. मोहीम संपताना प्रश्न आला की जमलेली माणसं आणि नमुने आता विखरू द्यायचे का? सरकारनं विखरू दिले नाहीत. 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले, आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची ही प्रयोगशाळा गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला तिची प्रादेशिक केंद्रं आहेत. एका मोहिमेचा पैसा संपल्यावर कायमची संस्था उभी राहिली, ही आपल्याकडच्या विज्ञानधोरणातली दुर्मीळ शहाणपणाची घटना म्हणावी लागेल.

पुढची पायरी 1981 ची. त्या वर्षी 26 जानेवारीला संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजानं हिंदी महासागराच्या तळावरून बहुधात्विक गोळे वर काढले, आणि जुलैमध्ये केंद्रात महासागर विकास विभाग निर्माण झाला. गोळ्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. तांबं-निकेल म्हटलं की खजिन्याचे दरवाजे उघडतात. 1987 साली भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरच्या क्षेत्रावर ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून हक्क मिळाला, पुढं त्यातलं 75 हजार चौरस किलोमीटर आपण राखलं. 1983 मध्ये पश्चिम जर्मनीत बांधलेलं ‘सागर कन्या’ आलं. इथं न्यायानं बोलायला हवं. गोळ्यांच्या नावानं आलेल्या पैशानं आणि जहाजांनी पाण्याचं रसायनशास्त्रही जगलं. शास्त्रज्ञांनी खनिजाच्या पदरात प्राणवायूचं मोजमाप बांधून घेतलं. पण याचा अर्थ असाही की प्राणवायू स्वतःच्या नावावर पैसा मागायला गेला तर दाराशी थांबायचा. 2006 साली पृथ्वी विज्ञान मंत्रालय झालं तेव्हा हवामान, भूकंप आणि समुद्र एका छताखाली आले. त्यामुळे कागदावर तरी मोजमापाला घर मिळालं.

अनुदान प्रत्यक्षात कसं चालतं याची कल्पना सामान्य वाचकाला नसते, म्हणून थोडं सविस्तर. प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतो. तो पीआय, म्हणजे प्रकल्पाचा प्रमुख. तज्ज्ञांची समिती प्रश्न विचारते, आकडे कापते, आणि बहुतेक वेळा तीन वर्षांची मंजुरी देते. पहिला हप्ता येतो. उपकरण घ्यायचं तर सरकारी ई-बाजारपेठ, निविदा, तुलनात्मक तक्ता. अनेक उपकरणं परदेशी, आणि परदेशी खरेदीवरची बंधनं इतकी जाचक झाली होती की 2025 साली अर्थ मंत्रालयाला संशोधन संस्थांच्या प्रमुखांना त्यात सूट द्यावी लागली. दरम्यान जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, नेमायचा. 2023 पासून त्याला महिना 37 हजार रुपये आणि घरभाडं मिळतं, म्हणजे मिळायला हवं, कारण पुढचा हप्ता अडला की पहिला फटका त्या पोराला किंवा पोरीला बसतो. वर्षअखेरीस यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. ते गेल्याशिवाय पुढचे पैसे नाहीत, आणि ते तपासून जाईपर्यंत निम्मं नवं वर्ष संपलेलं असतं. 31 मार्चला खर्च न झालेली रक्कम परत.

या सगळ्यात भ्रष्टाचार रोखण्याचा उद्देश आहे, आणि तो मला मान्य आहे. जनतेच्या पैशाचा हिशेब पैपर्यंत लागलाच पाहिजे. अडचण इतकीच की समुद्राचं वर्ष मार्चला संपत नाही. मोसमी वारे जूनला येतात, पश्चिम किनाऱ्यावर खालचं पाणी वर यायला लागतं, सप्टेंबरला परिस्थिती सर्वांत बिकट होते. त्या वेळी जहाज, माणूस आणि रसायनं तिन्ही हाताशी नसतील तर तो हंगाम गेला. पुढच्या मार्चमध्ये घाईनं घेतलेला संगणक त्याची भरपाई करत नाही.

शिवाय या विषयाची स्वतःची काही खर्चिक दुखणी आहेत. पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत 1888 ची. मँगनीज सल्फेट, अल्कधर्मी आयोडाइड, मग थायोसल्फेट घालत जायचं, स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयात बीएस्सीची मुलं हे करतात, आणि ते स्वस्त आहे. पण समुद्रातलं लोह मोजायचं तर? ते इतकं थोडं असतं की ज्या लोखंडी जहाजावरून नमुना घ्यायचा त्याचाच गंज नमुना बिघडवतो. म्हणून वेगळ्या बाटल्या, धातूचा स्पर्श नसलेला दोर, धूळविरहित खोली. ‘जिओट्रेसेस’ या जागतिक कार्यक्रमात भारतानं ही साधनं उभी केली. पैसा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा, आणि वैज्ञानिक नेतृत्वात अहमदाबादच्या प्रयोगशाळेतले सुनील कुमार सिंह, जे 2016 साली दोना पावलाच्या संस्थेचे संचालक झाले. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या खर्चाच्या हिशेबानं असं काम तोलायला बसलं की चुकीच्या ठिकाणी कात्री लागते.

या संग्रहातला माझ्या आवडीचा विषय मात्र स्वस्तातला आहे. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर, जेमतेम 28 मीटर खोल पाण्यात एक ठिकाण आहे. तिथं काही नाही. नकाशावरचा ठिपका. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक 1997 च्या सुमारापासून तिथं पुनःपुन्हा जात राहिले. पौर्णिमेची वारी न चुकवणारे भक्त वाडीला येतात तसे. दरवेळी त्याच खोल्यांवरून पाणी घ्यायचं, प्राणवायू, नायट्रेट, नायट्राइट, सल्फाइड मोजायचं, परत यायचं. पावसाळा सरत आला की तळाशी प्राणवायू संपतो, मग सूक्ष्मजीव नायट्रेटवर श्वास घेतात, तेही संपलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. वारे बदलले की समुद्र पुन्हा श्वास घेऊ लागतो. डॉ. सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये लिहिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा हा कमी प्राणवायूचा पट्टा जगातल्या अशा पट्ट्यांत सर्वांत मोठा आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. हे नैसर्गिक किती, आणि शेतातून आलेल्या खतांमुळे किती, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न. त्याचं उत्तर एका हंगामातून मिळत नाही. दहा वर्षांतूनही कदाचित नाही. समुद्र स्वतःच वर्षावर्षाला बदलतो, त्या हेलकाव्यांतून कल ओळखायला लांब नोंदवही लागते.

आणि लांब नोंदवहीला अनुदान मिळवणं जगात सगळीकडे अवघड. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 पासून हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. आज तो वर चढत जाणारा वक्र पाठ्यपुस्तकांत आहे. पण 1964 साली अमेरिकेत अंदाजपत्रकाला कात्री लागली आणि काही आठवडे मापन बंद पडलं. त्या वक्रात ती खाच आहे. पुढंही त्यांना वारंवार ऐकावं लागलं की हे आता नेहमीचं, ठरावीक काम झालं, याला संशोधन कसं म्हणायचं? कीलिंग चिवट होते म्हणून नोंद टिकली. 1988 पासून हवाईजवळ आणि बर्म्युडाजवळ समुद्रातल्या रसायनांची जी अखंड मालिका चालू आहे, तिनं समुद्राचं पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकत असल्याचं आकड्यानिशी दाखवलं. माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी चौथा हिस्सा समुद्र पितो. औद्योगिक काळाआधी पृष्ठभागाचा पीएच 8.2 च्या जवळ होता, आता 8.1 च्या जवळ. शिरोळच्या शेतकऱ्याला यात घाबरण्यासारखं वाटणार नाही, पण पीएचची मोजपट्टी गुणाकाराची आहे. एका दशांशाचा फरक म्हणजे आम्लतेत पाव हिश्शाहून अधिक वाढ.

कांदोळीची नोंद टिकली याचं कारण माझ्या मते तिचा मोठा आधार संस्थेचा, म्हणजे सीएसआयआरच्या नियमित पैशाचा होता. नुसत्या तीन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर ती राहिली असती तर प्रत्येक सांध्यावर तुटली असती. या विषयातल्या धोरणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते हेच. नव्या शोधाला स्पर्धेचं अनुदान द्या, पण मोजणीला पगारासारखा पैसा द्या. दोन्हींना एकाच समितीपुढं उभं करू नका. मोजणी तिथं नेहमी हरते.

पैसा आणि राजकारण यांची गाठ कशी पडते ते ‘लोहाफेक्स’च्या लेखात वाचकांना दिसेल. 2009 च्या जानेवारीत नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांच्या नेतृत्वाखाली भारत आणि जर्मनीनं दक्षिण महासागरातल्या एका भोवऱ्यात सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह मिसळून पाहिलं. लोहानं प्लवक वाढेल, ते कार्बन घेऊन तळाशी जाईल, असा तर्क. पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतला, जर्मन सरकारनं प्रयोग थांबवून फेरतपासणी केली, मग परवानगी दिली. निकाल असा की प्लवक वाढलं, पण त्या पाण्यात सिलिका नसल्यामुळे डायटम वाढलेच नाहीत. जे वाढलं ते बारीक प्राण्यांनी खाऊन टाकलं. फारसा कार्बन खाली गेला नाही. अपेक्षा फसली, ज्ञान वाढलं. सरकारी पैशानं असं फसण्याची मुभा द्यायला हवी. आणि ज्या सिलिकेअभावी तो प्रयोग अडला, ती आपला काळा पाषाण नदीला अखंड देत असतो, हे वाडीच्या वाचकानं लक्षात ठेवावं.

अलीकडच्या घोषणांचे आकडे मोठे आहेत. 2021 च्या जूनमध्ये खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी 4,077 कोटी रुपये मंजूर झाले. तिच्या सहा भागांतला वर्तमानपत्रांना आवडलेला भाग म्हणजे तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी ‘मत्स्य 6000’ ही पाणबुडी. 2024 च्या जानेवारीत पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या ‘पृथ्वी’ योजनेला 4,797 कोटी. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाला पाच वर्षांत 50 हजार कोटींचं लक्ष्य, पण त्यातले 36 हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. खाजगी उद्योग औषधाला, चिपला पैसे देईल. कांदोळीच्या ठिपक्याला कोणता उद्योग देईल, हे मला दिसत नाही. पाणबुडीबद्दल माझी तक्रार नाही. ती उतरावी, सुखरूप वर यावी. तिच्या खर्चाच्या शेजारी दरमहा पाणी मोजणाऱ्या बोटीचा खर्च ठेवून पाहिला तर बोटीचा आकडा किरकोळ ठरेल, आणि किरकोळ आकडे सहज कापले जातात, ही भीती आहे.

शेवटी आपल्या समुद्राकडे, बंगालच्या उपसागराकडे येऊ. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू संपल्यामुळे नायट्रेटचं रूपांतर नत्रवायूत होऊन तो हवेत निघून जातो. जगातल्या मोकळ्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर घडणारी ठिकाणं तीनच आहेत, त्यांतलं हे एक. बंगालच्या उपसागरातही प्राणवायू जवळजवळ नाही, तरी तिथं तसं घडताना दिसत नव्हतं. 2017 साली लॉरा ब्रिस्टो, नक्वी आणि इतरांनी अत्यंत संवेदनशील उपकरणांनी मोजून दाखवलं की तिथं प्राणवायूचा अगदी लवलेश उरला आहे, आणि तेवढ्यानंच ती प्रक्रिया अडून आहे. सूक्ष्मजीव तयार आहेत. उरलेला प्राणवायूही गेला तर त्या समुद्राच्या नत्राचा हिशेब पालटेल. वरून जास्त खतपाणी आलं, प्लवक वाढलं, ते कुजलं, तर तो लवलेश संपू शकतो. खतपाणी आणणाऱ्या नद्यांत गंगा-ब्रह्मपुत्रा मोठ्या, पण गोदावरी आणि कृष्णाही आहेत.

म्हणून एक विनंती, आणि ती थेट आपल्या भागातल्या लोकांना. शिरोळ तालुक्यात आणि जयसिंगपूर, कुरुंदवाड परिसरात रसायनशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. विंकलरची बाटली, नायट्रेट आणि सिलिका मोजण्याचा रंगमापक त्यांच्याकडे आहे, किंवा थोड्या पैशात येईल. संगमाच्या वर कृष्णेत एक, पंचगंगेत एक आणि संगमाखाली एक, अशी तीन ठिकाणं नक्की करा. दर महिन्याला एकाच तारखेला पाणी घ्या, पूर असेल तेव्हा तर नक्की घ्या. आकडे कुरुंदवाडच्या विसर्गाच्या नोंदींशेजारी ठेवा, वहीत आणि संगणकावर दोन्हीकडे. शिवाजी विद्यापीठाकडे, राज्याच्या विज्ञान आयोगाकडे, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे यासाठी अर्ज करा, आणि अर्जात मुदतीच्या रकान्यात तीन वर्षं न लिहिता वीस लिहा. समिती तो अर्ज परत पाठवेल. पुन्हा पाठवा, आणि मधल्या काळात मोजणं थांबवू नका.